मनाच्या गोळ्या कमी करताना बी जीवनसत्त्वं : आधी काय, नंतर काय

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून एक चूक मी सारखी पाहते. नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या नकोशा झालेला माणूस एक दिवस त्या बंद करतो आणि त्याच दिवशी ‘ताकदीसाठी’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स सुरू करतो. आठवड्याभरात गरगरायला लागतं, झोप उडते, हातापायांना मुंग्या येतात. मग तो परत येतो आणि विचारतो, ‘बी१२ जास्त पॉवरचं आहे का?’ तोवर कोणता त्रास कशामुळे होतोय हे सांगणं त्याला, मला आणि त्याच्या डॉक्टरांनाही अवघड होऊन बसलेलं असतं.

बी जीवनसत्त्वं कमी असतील तर भरून काढायलाच हवीत. पण ती मनाच्या औषधाची जागा घेत नाहीत, आणि गोळी सोडताना होणारा त्रास ती थांबवतात असं सिद्ध झालेलं नाही. बी१२ कमी असलं की थकवा, चिडचिड, विसराळूपणा, उदासी, मुंग्या, तोल जाणं असे त्रास होतात. डोस कमी करतानाचे त्रासही बरेचसे असेच असतात. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात करायच्या नाहीत. आधी मोजा, मग भरून काढा, मग थोडं थांबा, आणि डोसला हात त्यानंतर लावा.

सावधान : या लेखातलं काहीही वाचून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, एटिझोलाम, डायझेपाम अशा गोळ्या काही आठवडे रोज चालू असतील आणि एकदम थांबवल्या, तर फिट येऊ शकते. लिथियम एकदम सोडलं तर आजार उलटू शकतो. क्लोझापिनचंही तसंच. डोस किती आणि कधी कमी करायचा हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. त्यांच्याकडे जाताना तुमची तयारी कशी असावी, एवढंच इथे सांगते आहे.

### टप्पा १ : घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा

सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या. पित्ताची, साखरेची, केस गळतीची, जिमच्या मित्राने दिलेली, मावशीने अर्धी उरली म्हणून दिलेली. प्रत्येक स्ट्रिप उलटी करा आणि मागच्या बारीक अक्षरांत घटक काय लिहिलेत ते वहीत उतरवा. पुढच्या मोठ्या नावावर जाऊ नका.

हे का सांगते, ते एका उदाहरणाने कळेल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी दुकानात आली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, दोन वेळ मेसचा डबा. तिची क्लोनाझेपाम डॉक्टर हळूहळू कमी करत होते. पायाला मुंग्या येतात म्हणून काकांच्या स्ट्रिपमधल्या ‘बी१२ च्या’ कॅप्सूल ती रोज रात्री घेत होती, आणि तीच स्ट्रिप संपली म्हणून मागायला आली होती. मागे छापलं होतं : मिथाइलकोबालमिन (म्हणजे बी१२) १५०० मायक्रोग्रॅम, प्रीगाबालिन ७५ मिग्रॅ. काकांना मधुमेहामुळे पायांची आग होत असल्याने त्यांच्या डॉक्टरांनी ती दिली होती. प्रीगाबालिन हे जीवनसत्त्व नाही. मज्जासंस्थेवर काम करणारं, गुंगी आणणारं औषध आहे ते, आणि तेही एकदम सोडता येत नाही. म्हणजे एक गोळी सुटत असताना दुसरी नकळत लागत होती. मी कॅप्सूल दिली नाही. तिथूनच तिला तिच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

बी१२ च्या जोडीला गॅबापेंटिन किंवा नॉरट्रिप्टिलिन असलेल्या गोळ्याही सर्रास मिळतात. यादी करताना आणखी हे पाहा :

• मेटफॉर्मिन, आणि पँटोप्राझोल-ओमेप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या. वर्षानुवर्षं घेतल्या तर बी१२ कमी होऊ शकतं. पित्ताची गोळी ‘चालूच असते’ म्हणून डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

• एकाच गोळीत दोन औषधं. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी आपल्याकडे खूप चालते. ती अर्धी केली की दोन्ही औषधं एकदम अर्धी होतात, आणि पुढचा त्रास कोणत्या औषधाचा हे कळत नाही. दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्याल का, हे डोस कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

• नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं. अशा गोळ्यांतून औषध हळूहळू सुटतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या तोडू, चावू, कुटू नका.

तपासा : यादीत प्रत्येक गोळीसमोर घटक, ताकद, वेळ आणि ‘कधीपासून’ लिहिलंय का? एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

### टप्पा २ : जीवनसत्त्वाची पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी रक्त द्या

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. आधी महिनाभर गोळ्या किंवा पाच इंजेक्शनं घेतात आणि मग तपासणी करतात. तोवर रक्तातला आकडा वर गेलेला असतो आणि मूळची कमतरता होती की नव्हती हे कायमचं झाकलं जातं.

पुण्यात तर ही तपासणी टाळूच नये. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या वरकरणी निरोगी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण आणखी जास्त होतं. ‘आमच्याकडे दूध-दही भरपूर असतं’ या भरवशावर तपासणी टाळू नका.

डॉक्टरांशी बोलून साधारणपणे या तपासण्या करून घ्या : बी१२, फोलेट, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची), फेरिटिन (लोहाच्या साठ्याची), ड जीवनसत्त्व, साखर. थायरॉइड आणि लोहाची कमतरता याही मनावर आणि ताकदीवर परिणाम करतात. ते आधीच कळलं तर पुढचा गोंधळ टळतो.

बी१२ चा आकडा मिलिलीटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर तो सहसा कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अॅसिड (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक) यांची तपासणी उपयोगी पडते. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून पहिली आणि नंतरची तपासणी एकाच ठिकाणी करा. सीबीसीत हिमोग्लोबिन आणि पेशींचा आकार ठीक आला म्हणून बी१२ ठीकच असेल असं नाही. जोडीला लोह कमी असेल तर पेशी मोठ्या झालेल्या दिसतच नाहीत.

सावधान : केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असतं. त्यामुळे थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि प्रयोगशाळेतही सांगा. मनाच्या औषधाची रोजची गोळी मात्र तपासणीसाठी चुकवू नका. लिथियमची पातळी तपासायची असेल तर रक्त गोळीनंतर किती तासांनी द्यायचं हे विचारून घ्या.

### टप्पा ३ : मनाचा डोस जागच्या जागी ठेवून कमतरता भरून काढा

या काळात मनाच्या औषधात काहीही बदल नाही. ना वाढ, ना घट.

बी१२ गोळीने द्यायचं की इंजेक्शनने, हे कमतरता किती आहे आणि शोषण होतंय का यावर ठरतं. आकडा फार खाली असेल, मुंग्या-बधिरता असेल, तोल जात असेल तर डॉक्टर सहसा इंजेक्शनने सुरुवात करतात. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना काही महिने लागतात. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही म्हणून डोस दुप्पट करू नका, आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडूही नका.

फोलिक अॅसिड एकट्याने सुरू करू नका. ५ मिग्रॅची गोळी स्वस्त असते, सहज मिळते. पण बी१२ कमी असताना फक्त फोलिक अॅसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांची हानी आतून चालू राहते. आधी बी१२, नाहीतर दोन्ही बरोबर.

बी६ बद्दल फार कमी लोकांना माहिती असते. ते जास्त मात्रेत बराच काळ घेतलं तर नसा बिघडतात, आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे पायांना मुंग्या. त्या मुंग्या कमतरतेच्या समजून माणूस आणखी गोळ्या घेतो आणि त्रास वाढत जातो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी बी६ ची वरची मर्यादा दिवसाला १२ मिग्रॅ ठरवली. बाजारात मात्र एकेका गोळीत ५० किंवा १०० मिग्रॅ बी६ असलेली उत्पादनं आहेत. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर सगळ्या गोळ्यांमधलं बी६ मिळून रोज किती पोटात जातंय याची बेरीज करा. लेबलवर ते ‘पायरिडॉक्सिन’ म्हणून लिहिलेलं असतं.

काही औषधांशी ही जीवनसत्त्वं भिडतात. फेनिटोइन हे फिटचं औषध चालू असेल तर जास्त फोलिक अॅसिडने किंवा जास्त बी६ ने त्याची रक्तातली पातळी उतरू शकते, म्हणजे फिटचा धोका वाढतो. द्विध्रुवी (बायपोलर) विकारातल्या नैराश्यावर लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांच्या एका चाचणीत, सोबत फोलिक अॅसिड घेणाऱ्यांना लॅमोट्रिजिनचा फायदा दिसला नव्हता. म्हणून बी-कॉम्प्लेक्स दाखवायचं ते फॅमिली डॉक्टरांबरोबर मनोविकारतज्ज्ञांनाही. फोलिक अॅसिड गरोदरपणासाठी किंवा त्याच्या तयारीसाठी दिलं असेल तर हे वाचून ते बंद करू नका, विचारून घ्या.

बी-कॉम्प्लेक्स सकाळी नाश्त्यानंतर घ्या. काहींना त्याने, विशेषतः मिथाइल प्रकारच्या मोठ्या डोसने, अस्वस्थ वाटतं किंवा झोप लांबते. लघवी गडद पिवळी झाली तर घाबरू नका, ते बी२ असतं. दारू रोज आणि भरपूर चालू असेल तर बी१ चा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. तिथे घरगुती उपाय नकोत, दारू आणि गोळ्या दोन्ही सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

तपासा : दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बी१२ आणि सीबीसी. आकडा सुधारलाय का? मुंग्या, थकवा कुठवर आलाय? काही जणांचा ‘गोळ्यांचा दुष्परिणाम’ वाटणारा त्रास इथेच कमी होतो. डॉक्टरांशी पुढचं बोलायच्या आधी हे कळलेलं बरं.

### टप्पा ४ : ताट

बी१२ वनस्पतीत नसतं. पालक, मोड आलेली मटकी, बीट यांतून फोलेट मिळतं, बी१२ नाही. स्पिरुलिनातलं बी१२ शरीराला उपयोगी पडत नाही. प्रौढाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागतं. मोठा कप दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं, एका अंड्यातून त्याच्या निम्मं. दिवसभरात चार अमृततुल्य झाले म्हणजे दूध पोटात गेलं असं धरू नका. चहात दूध असतं कितीसं? कमतरता एकदा झाली की ती नुसत्या दुधाने भरून निघत नाही. दूध ती पुन्हा होऊ नये म्हणून.

मेसच्या डब्यावर असाल तर रोज वाटीभर दही आणि दोन अंडी, अंडी चालत नसतील तर दूध, हे वेगळं लावून घ्या. बी१ आणि बी६ साठी शेंगदाणे, हरभरे, डाळी, केळी, बटाटे पुरेसे आहेत.

लिथियमवर असाल तर निर्जळी उपवास करू नका. पाणी कमी पडलं की लिथियमची पातळी चढते.

### टप्पा ५ : पंधरा दिवसांची नोंद

डोस कमी करण्याआधी पंधरा दिवस रोज एकाच वेळी पाच गोष्टींना शून्य ते दहा गुण द्या : झोप, मन, चिंता, चक्कर, मुंग्या. शेजारी एक ओळ : आज काही वेगळं घडलं का? पाळी, ताप, परीक्षा, भांडण, नवी गोळी. एवढंच. जास्त लिहायला गेलात की चौथ्या दिवशी वही बंद पडते.

घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. त्याने रोज विचारपूस करायची नाही, फक्त लक्ष ठेवायचं. बदल बऱ्याचदा आपल्याआधी घरच्यांना दिसतो.

### टप्पा ६ : डोस कमी करणे

आता डॉक्टरांकडे जा. बरोबर गोळ्यांची यादी, दोन्ही रिपोर्ट आणि वही. वेळ कमी असतो, म्हणून मुद्दे कागदावर लिहून न्या.

एक गोष्ट समजून घ्या. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या औषधांच्या नेहमीच्या किमान डोसलाच मेंदूतले सुमारे ८० टक्के सेरोटोनिन-वाहक (ही औषधं जिथे जाऊन बसतात त्या जागा) व्यापलेले असतात. २० मिग्रॅवरून १० वर येताना परिणाम थोडाच घटतो, शेवटच्या ५ वरून शून्यावर येताना मात्र तो कोसळतो. म्हणूनच ‘अर्धी केली तेव्हा काहीच झालं नाही, बंद केली आणि हाल झाले’ असं लोक सांगतात. जसजसं खाली याल तसतशा पायऱ्या लहान हव्यात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ सालच्या सूचनाही हेच सांगतात : प्रत्येक वेळी आधीच्या डोसच्या प्रमाणात घट, आणि वेग माणसाच्या त्रासाप्रमाणे. कमी ताकदीच्या गोळ्या मिळतात, उदाहरणार्थ एस्सिटॅलोप्रॅम ५, सर्ट्रालिन २५, क्लोनाझेपाम ०.२५. त्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, जुन्या चिठ्ठीवर दुकानदार बदलून देऊ शकत नाही.

नेहमीच्या चुका :

• एक दिवसाआड गोळी घेणे. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं शरीरातून लवकर उतरतात. दिवसाआड घेतली तर पातळी रोज वर-खाली होते, आणि त्रास त्यानेच होतो. डोस लहान करा, पण घ्या रोज.

• बरं वाटतंय म्हणून पुढची पायरी आठवडाभर आधीच उतरणे. फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस टिकतं, त्रास दिसायलाच काही आठवडे जाऊ शकतात.

• दोन मनाची औषधं एकाच वेळी कमी करणे.

• त्याच महिन्यात नवं जीवनसत्त्व, नवा डाएट, नवी जिम. चालू असलेलं बी१२ तसंच चालू राहू द्या. नवं काही नको.

• वेळ चुकीची निवडणे. गणपतीचे दहा दिवस, नवरात्राचे उपवास, परीक्षेचा महिना टाळा. पुण्यात गणपतीत ढोल-ताशांनी आणि जागरणांनी धडधाकट माणसाचीही झोप मोडते.

आधीच डोस कमी केला असेल तर? पुढची पायरी थांबवा, आत्ता आहात त्या डोसवर राहा, डॉक्टरांना कळवा आणि टप्पा १ पासून सुरुवात करा. पूर्ण बंद करून बसला असाल तर त्याच दिवशी फोन करा. जुना डोस मनानेच परत सुरू करू नका. लॅमोट्रिजिन काही दिवस सुटलं असेल तर ते पुन्हा अगदी कमी डोसपासून चढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं.

### टप्पा ७ : त्रास झाला, तर तो कुणाचा?

वही उघडा आणि तारखा पाहा. डोस कमी केल्यावर काही दिवसांत सुरू झालेले, आजारात पूर्वी कधीच नव्हते असे त्रास, म्हणजे डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, गरगरणं, मळमळ, विचित्र ठळक स्वप्नं, एकदम रडू फुटणं, हे बहुधा डोस उतरल्याचे. डॉक्टरांनी आधीचा डोस परत दिला तर ते सहसा लवकर ओसरतात. मूळ आजार उलटत असेल तर तो हळूहळू, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, जुन्याच विचारांच्या वाटेने येतो. बी१२ चा त्रास डोसच्या तारखेकडे पाहत नाही. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या, जिभेची आग, अंधारात तोल जाणं, आणि हे सगळं सावकाश वाढत जाणारं. पण दोन त्रास एकत्रही असू शकतात, म्हणून निदान वहीने करायचं नाही. वही डॉक्टरांना दाखवायची.

काही त्रासांत मात्र वहीसाठीही थांबू नका. फिट, भ्रम, आवाज ऐकू येणं, रात्रीच्या रात्री झोप नसूनही प्रचंड उत्साह, एका जागी बसवेना इतकी तगमग, आणि जगू नये असे विचार : यांत थेट रुग्णालय गाठा. जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा पुण्यात असाल तर ससून रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. बोलण्यासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मोफत आणि चोवीस तास. आणि त्या रात्री माणसाला एकटं सोडू नका.

### टप्पा ८ : शेवटच्या गोळीनंतर

मनाची शेवटची गोळी संपली त्याच दिवशी ‘आता सगळंच बंद’ म्हणून बी१२ ही सोडणारे बरेच भेटतात. तसं करू नका. शाकाहारी असाल, मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी चालू असेल, तर बी१२ चा राखण्यापुरता डोस बहुधा पुढेही लागतो. शोषणातच दोष असेल तर तो जन्मभर लागतो. वही आणखी तीन महिने चालू ठेवा, पुढची भेट आधीच ठरवून ठेवा, आणि वर्षातून एकदा बी१२ तपासा.

उरलेल्या गोळ्या ‘लागल्या तर’ म्हणून कपाटात ठेवू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. कशा टाकायच्या ते तुमच्या औषधवाल्याला विचारा. चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि वही मात्र एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी औषध पुन्हा लागलं तर कोणत्या पायरीवर त्रास झाला होता हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.